मोकळी मान

बसला ब्रेक लागला आणि मला बसचं छत दिसलं.

कोणी म्हणेल, त्यात काय सांगायचं? ज्याला मान आहे त्याला छत दिसतंच. मान मलाही आहे, पण ती गेली वीसेक वर्षं पुढे झुकून जी बसली ती बसलीच. उजवी-डावीकडे नाही आणि वर तर नाहीच नाही. माझ्या वाट्याला आलेलं जग कमरेखालचं. बुटांचे बंद, पिशव्यांची बुडं, लहान मुलं, कुत्री आणि फरशा. फरशांच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये. तर कोणीतरी सायकलवाला आडवा आला म्हणे, ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, मी दांडा धरून उभा होतो तो पुढे गेलो, मागे आलो, डोकं मागच्या खांबावर आदळलं आणि मानेच्या बुडाशी, आत कुठेतरी, कट्ट झालं. बारीकसा आवाज. साच्यातून वाळलेलं प्लास्टर सुटताना होतो तेवढाच. दुखलं, नाही असं नाही, पण ज्याने जन्मभर पाठदुखीशी संसार केला त्याला तेवढ्याने काय होतंय. आणि मग समोर ते छत. पांढऱ्या रंगाचं, जागोजागी पोपडे आलेलं, मधोमध एक गोल दिवा आणि त्याच्या काचेत मेलेल्या माश्या. मी त्या माश्यांकडे बघत राहिलो.

"काका, लागलं का हो?" शेजारी उभ्या असलेल्या बाईने विचारलं. एरवी मी आवाजावरून आणि चपलेवरून माणसाचा अंदाज बांधतो. आज सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं. वरच्या ओठावर घाम होता, एक भुवई दुसरीपेक्षा जरा वर होती. उभ्या माणसाचा चेहरा मी किती वर्षांनी बघत होतो कोणास ठाऊक. "नाही, नाही. उलट बरं वाटतंय," मी म्हणालो. ती हसली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिने मान वळवली तशी मीही वळवून बघितली. खुपली, पण वळली. बाहेर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक माणूस बनियनवर उभा राहून दाढी करत होता. गालाला फेस, मान वर केलेली, हनुवटीखाली वस्तरा. एवढंच होतं आणि मला रडू आलं.

आता हे दुखणं काय आहे ते सांगून टाकलेलं बरं, नाहीतर एवढा घोडा झालेला माणूस बसमध्ये रडतो कशाला असं वाटायचं. पंचविशीत सुरू झालं. सकाळी उठलं की कंबर लाकडासारखी. तासभर हिंडलं-फिरलं की सैल पडायची. पहाटे दुखण्याने जाग यायची आणि मी घरभर येरझाऱ्या घालायचो. वडील म्हणायचे, "लोकांचं काम केल्यावर दुखतं, ह्याचं झोपल्यावर दुखतं. सगळंच जगावेगळं." आईने गादी बदलली, मग उशी बदलली, मग माझी खोलीच बदलली. एका डॉक्टरांनी सांगितलं, बसून काम करू नका. दुसऱ्यांनी सांगितलं, उभं राहून करू नका. मी कवळ्या करतो. दाताच्या डॉक्टरांकडून बोळक्या तोंडाचा साचा येतो, त्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, हसू नीट दिसतंय का बघायचं, मग पुढचं भट्टीचं आणि घासायचं काम. हे काय मी झाडाला लटकून करणार? दुखण्याचं नाव कळेपर्यंत मान पुढे यायला लागली होती. मणक्यांचा दाहक संधिवात. नाव ऐकून मी म्हणालो, आमच्या मुख्याध्यापकांना शोभलं असतं. शेजारी बसलेल्या बायकोने माझ्या मांडीला चिमटा काढला. समोर त्या संधिवाताच्या डॉक्टरीणबाई होत्या, आणि उजेडाच्या काचेवर माझ्या पाठीचा फोटो.

बाई बोलायच्या मात्र छान, समजेल असं. म्हणाल्या, सूज आधी हाड खाते. मग शरीर भरपाई करायला जातं आणि भलत्याच जागी हाड घालतं. मणक्यांच्या कडांना. वरच्या मणक्याची कड खाली उतरते, खालच्याची वर चढते, मध्ये गाठ पडते आणि दोनाचा एक होतो. असं करत करत सगळा कणा एकसंध. "आणि आत?" बायकोने विचारलं. हिला पहिल्यापासून आतलं विचारायची खोड. "आत उलटं," बाई म्हणाल्या. "आतलं हाड विरळ होत जातं. जिथे हवं तिथून जातं आणि जिथे नको तिथे येतं." मी म्हणालो, म्हणजे आमच्या इमारतीच्या ठेकेदारासारखं, बाहेरून गिलावा जाड आणि आत सगळी बोंब. बाई हसल्या, ही हसली नाही. पुढे नवी औषधं आली, सूज थांबली, पहाटेची झोप परत मिळाली. पण झालेलं बांधकाम काही पाडता येत नव्हतं.

गेल्याच महिन्यात हाडांची घनता मोजली. त्या यंत्राखाली दोन उशा घेऊन पडलो, कारण माझं डोकं गादीला टेकतच नाही. कण्याचा आकडा असा आला की मी बाहेरच्या बाकावर छाती फुगवली. हिला म्हणालो, बघ, तिशीतल्या पोराचा कणा आहे माझा, तुझं नशीब थोर. बाईंनी आत गेल्या गेल्या हवा काढली. "त्या आकड्यावर जाऊ नका. यंत्राला आतलं-बाहेरचं कळत नाही, कडेला वाढलेलं हाडही ते गुणांत धरतं. खुब्याचा आकडा बघा, तो खरा." खुब्याचा आकडा ऐंशीच्या म्हातारीचा होता. मग त्या पुढे झुकल्या, इतक्या की मला त्यांचे डोळे दिसावेत, आणि म्हणाल्या, "काका, तुमची मान म्हणजे आता एक लांब, पोकळ हाड आहे. पडू नका, धक्का खाऊ नका. आणि एक लक्षात ठेवा, अशी मान आपोआप मोकळी होत नसते. कधी मोकळी झाल्यासारखी वाटली, तर ती मोडलेली असते. हलायचं नाही, तसंच उचलून इकडे आणायचं." शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून नाही, हिच्याकडे बघून बोलल्या.

म्हणजे मला माहीत होतं. कोणी असं समजू नये की मला कळलं नाही, बिचारा अडाणी. त्या दिव्यातल्या माश्या बघत होतो तेव्हाच मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि मानणं ह्यांत माणूस केवढी जागा काढतो. मी म्हटलं, डॉक्टर काय, देव आहेत का? यंत्र चुकतं तर बाई चुकू शकत नाहीत? एखाद्याचं गंजलेलं कुलूप धक्क्याने उघडत नाही का? मग मी एक तोड काढली. दोन थांब्यांवर आमची प्रयोगशाळा. तिथे जायचं, टेबलाशी बसायचं, मेणात पुढचे सहा दात लावायचे. हात नीट चालला तर मान मोकळी झाली, नाही चालला तर मोडली. असली परीक्षा फक्त कवळ्या करणाराच घेऊ जाणे. हात हेच माझं सगळं. मान गेली तेव्हा मी रडलो नव्हतो, म्हटलं होतं, हात आहेत ना.

प्रयोगशाळा म्हणजे काय, एका लांबट खोलीत चार टेबलं, प्लास्टरची धूळ, गॅसची शेगडी आणि पॉलिशच्या यंत्राची घरघर. तिथे मला कवळीमास्तर म्हणतात. इमारतीतली पोरं मला नमस्कारकाका म्हणतात, कारण मी येताना-जाताना सगळ्यांनाच नमस्कार करतो आहे असं दिसतं. त्यापेक्षा मास्तर बरं. पॉलिशच्या यंत्रावर एक बाई बसते, पॉलिशवाली. बारा वर्षं आम्ही एका खोलीत काम करतोय आणि मला तिचे हात, तिचा डबा आणि तिच्या सपाता एवढंच ठाऊक. मी आत आलो तशी यंत्र थांबवून म्हणाली, "मास्तर, आज वर बघताय?" मी म्हणालो, "तुम्ही एवढ्या गोऱ्या आहात हे कोणी सांगितलं नाही मला." "प्लास्टर आहे ते," ती म्हणाली आणि हसताना तिचे पुढचे दात दिसले, किंचित पुढे आलेले, फार गोड. दुसऱ्यांची हसू घासण्यात आयुष्य काढलेल्या बाईचं हसू मी पहिल्यांदा बघत होतो. मला वाटलं, अजून कोणाकोणाला बघायचं राहिलंय. सगळ्या शहराला एकदा रांगेत उभं करावं आणि बघून घ्यावं.

टेबलावर एका म्हाताऱ्या बाईंचा साचा होता. दात गेले की जबड्याचं हाड जातं, हे मला डॉक्टरीणबाईंच्या आधीपासून माहीत. ज्या हाडाला धरून ठेवायला काही उरत नाही ते हळूहळू विरघळतं. सुरुवातीला उंच वरंबा असतो, मग सुरीच्या पात्यासारखी धार उरते, मग तीही नाही. मी अशा सपाट जबड्यांवर कवळ्या बसवल्या आहेत की खुद्द डॉक्टरांनी आशा सोडली होती. सुरी शेगडीवर धरली, मेण वितळवलं, पहिला दात लावला. दुसरा लावला. तिसरा बोटांतून निसटला. उचलला, परत निसटला. अंगठा आणि शेजारच्या बोटाला मुंग्या आल्यासारखं वाटत होतं, पण ते तर गारठ्यातही होतं. मी आरशात धरून बघितलं तर पुढचा दात तिरका लागला होता, शिकाऊ पोराने लावावा तसा. तो काढायला मी सुरी परत तापवली आणि तेवढ्यात पॉलिशवालीने माझा हात खसकन मागे ओढला. "अहो मास्तर, भाजतंय ना." अंगठ्यावर उकळतं मेण पडलं होतं. कातडी लाल होऊन वर आली होती. मी बघितलं म्हणून मला कळलं. दुसऱ्याच कोणाचा तरी अंगठा टेबलावर ठेवलाय आणि आपण तो लांबून बघतोय, असं वाटत होतं. आत काही पोचलंच नव्हतं.

परीक्षा झाली. माझी भीती इतकी साधी होती की मला तिची लाज वाटली. मला मरायचं नव्हतं आणि लुळं होऊन गादीवर पडायचं तर त्याहून नव्हतं. पॉलिशवालीने टॅक्सी बोलावली, मालकांना सांगते म्हणाली, बरोबर येते म्हणाली. मी नको म्हटलं. टॅक्सीवाल्याने विचारलं, कुठे? रुग्णालय उजवीकडे, घर डावीकडे. शहाण्या माणसाने काय सांगितलं असतं ते सांगायला नको. मी घराचा पत्ता दिला.

कारण मला हिला बघायचं होतं. आता ह्यावर कोणी म्हणेल, बायको काय रोजच दिसते. दिसते, पण कशी दिसते ते ऐका. मान पूर्ण अडकली त्या वर्षी हिने कुठूनतरी एक बुटकं स्टूल आणलं. बोलायचं झालं की ही ते स्टूल ओढून माझ्यासमोर बसायची, म्हणजे तिचं तोंड माझ्या नजरेच्या टप्प्यात यायचं. भाजी काय करू इथपासून तुमची आई गेली इथपर्यंत सगळं मला त्या स्टुलावरून सांगितलं गेलं. लेकही तेच शिकली. लहान होती तोवर तिचा चेहरा आपोआप समोर असायचा. मग ती उंच होत गेली आणि एके दिवशी माझ्या नजरेतून वर निघून गेली. त्यानंतर तीही स्टुलावर. पाहुणे आले की ते बिचारे अवघडून उभे, आणि ही त्यांना सांगायची, "बसा हो, ह्यांच्याशी उभ्याने बोललं की ह्यांना राग येतो." राग नाही यायचा, दुःख व्हायचं. पण तिने राग म्हटलं म्हणून मी रागीट झालो, ते सोपं पडलं.

टॅक्सीत मी दोन्ही तळव्यांनी स्वतःचं डोकं धरून बसलो होतो. ओलं प्लास्टर भरलेला साचा नेतात तसं. टॅक्सीवाल्याने आरशात बघून विचारलं, "काका, दाढ दुखतेय का?" मी म्हटलं, हो. "उपटून टाका," तो म्हणाला, "एकदाच काय ते होऊन जातं." प्रत्येक खड्ड्याला मी डोळे मिटत होतो आणि मधल्या सपाट रस्त्यावर उघडत होतो. पाट्या दिसत होत्या, गच्च्या, तारांवरचे पक्षी, आणि त्यांच्याही वर ते फिकट, दुपारचं, काहीच नसलेलं आभाळ. सुंदर वगैरे नव्हतं. पण इतकी जागा वर रिकामी पडलेली असते हे मी विसरलो होतो, आणि लोक तिच्याखालून खुशाल मोबाईलमध्ये माना घालून चालले होते. मला त्यांचा संताप आला. मग संताप गेला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं.

किल्ली डाव्या हाताने लावली. उजवा आता ऐकत नव्हता. हिची दुपारची पाळी असते, वीजबिलाच्या खिडकीवर, म्हणून ती अजून घरीच होती. मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिला चाहूल लागली नाही. मी खोलीत उभा राहून तिला बघितलं. हात वर, तोंडात दोन चिमटे, कपाळावर बट. आणि तो चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. स्टुलावर यायचा तो चेहरा हसरा असायचा, निदान बरा असायचा. डोळे मोठे करून ती काहीतरी सांगायची, चिडवायची, रागवायची. हा कोणासाठीच नसलेला चेहरा होता. ओठांचे कोपरे खाली ओढलेले, गाल उतरलेले, नजर दोरीवर होती आणि दोरीवर नव्हतीही. किती थकली होती ही. केव्हा थकली? मला एकदम कळलं की खाली बसण्याआधी, माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी, ती दरवेळी चेहरा नीट करून घेत असणार. वीस वर्षं ती नीट केलेलं तेवढंच मला आणून देत होती, आणि उरलेलं वर तिचं तिने एकटीने सांभाळलं. मला हुंदका आला तशी मानेत कळ गेली आणि मी भिंतीला हात टेकला.

ती वळली. "आलात एवढ्यात?" म्हणत सवयीने स्टुलाकडे वाकली, आणि अर्ध्यातच थांबली, कारण आमची नजरेला नजर भिडली होती, उभ्या-उभ्या. एक क्षणभर ती आनंदली. तो आनंद मी बघितला, तो खरा होता, लग्नातल्यासारखा. "अहो, तुम्ही वर..." एवढं बोलली आणि मग तिला डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं, तेही मी बघितलं, कसं ते डोळ्यांपासून निघून खाली हनुवटीपर्यंत गेलं. तिने तोंडातले चिमटे काढून खिडकीत ठेवले.

"केव्हापासून?"

"सकाळी. बसमध्ये धक्का बसला."

"आणि तुम्ही कामावर गेलात."

"हो."

"आणि आत्ता घरी आलात. तिकडे नाही गेलात."

"तुला बघायचं होतं."

तिने मला खुर्चीत बसवलं, पाठीमागे उशा लावल्या, ॲम्ब्युलन्सला फोन केला, मग बाईंना लावला आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. बाईंनी विचारलं, बोटं? मी सांगितलं. पाय? पाय अजून आहेत, मी म्हटलं. मग त्या हिला म्हणाल्या, "त्यांची मान मागे गेली आहे, ती तशी राहता कामा नये. नेहमी जशी असायची तशी पुढे येऊ द्या, त्यांची त्यांना, अगदी हळू. तुम्ही फक्त आधार द्यायचा, जोर नाही. दुखलं तर तिथेच थांबायचं. गाडीतल्या लोकांना सरळ झोपवू देऊ नका. आतली नस ओढली गेली तर हात-पाय परत यायचे नाहीत."

"आणि मग?" मी विचारलं. "बसवताना जरा वर बसवता येईल?"

"नाही काका. होती तशीच बसवायची. पट्ट्या आणि स्क्रू घालून. वर करायला गेलो तर धोका फार आहे." मग त्या म्हणाल्या, "हात वाचतील बहुतेक. वेळ घालवू नका."

ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली. खुर्चीवर बसलेल्या मला तिच्याकडे वर बघावं लागत होतं, आणि मी बघत होतो. तिने दोन्ही तळवे माझ्या जबड्याला लावले. कपड्यांनी गार, ओलसर झालेले होते. "येऊ द्या," ती म्हणाली.

"थांब जरा."

"थांबायला वेळ नाहीये. ऐकलंत ना."

"एवढंच."

ती थांबली. तिने माझ्याकडे बघितलं आणि चेहरा नीट करायला लागली. ओठांचे कोपरे वर घेतले, डोळे मोठे केले. "तो नको," मी म्हणालो. "मगाचा असू दे. गॅलरीतला." तिला कळलं की नाही मला माहीत नाही. पण तिने तो सोडून दिला. मग सगळंच सुटलं, ओठ वाकडे झाले, नाक लाल झालं, आणि ती माझं डोकं हातांत धरून तशीच उभी राहून रडली, पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून न पुसता. मी जेवढं बघता येईल तेवढं बघितलं. नाकाच्या बाजूची रेष, पापणीवरचा तीळ, हनुवटीखाली सैल झालेली कातडी. मग मी म्हटलं, "हं."

डोकं तिच्या हातांतून हळूहळू पुढे येऊ लागलं. आधी कपाळ गेलं, मग डोळे गेले. ओठ हलत होते, ती स्वतःशीच हळू, हळू असं म्हणत असावी. मग हनुवटी, गळा, कपड्यांवरचा पाण्याचा डाग, आणि एका ठिकाणी मान आपली आपण थांबली, जिथे ती इतकी वर्षं थांबलेली होती. तिथून तिचे पाय दिसत होते. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

"दुखतंय का?" तिने वरून विचारलं. आवाज अगदी नीट होता, रोजचा. तिच्या अंगठ्याजवळ फरशीवर एकामागून एक थेंब पडत होते.

"नाही," मी म्हणालो.